नाव, पत्ता आणि वाट

मित्रांनो, संध्याकाळी सहानंतर दिवा जंक्शनच्या फलाटावर कधी उभे राहिला आहात का? मुंगी शिरायलाही जागा नसते. कुणाच्या पाठीवर दप्तर, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणी कोकणातून आलेला फणस कुशीत सांभाळत उभं. सगळ्यांचे डोळे इंडिकेटरकडे लागलेले. आणि समजा, अगदी ऐनवेळी भोंग्यातून आवाज आला, की तुम्ही ज्या लोकलची वाट पाहताय ती आज पलीकडच्या फलाटावर येणार आहे. मग काय विचारता! सगळी गर्दी पुलाकडे धावते. जिन्यावर ही झुंबड!

पण एक काका मात्र जागचे हलत नाहीत. त्यांच्या कानात बोंडं, मोबाईलवर गाणं चाललेलं. ‘आपली गाडी रोज इथंच येते’ हे त्यांना पाठ आहे ना! दोन मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची गाडी पलीकडून निघून जाते.

आता मला सांगा, झालं काय? गाडी तीच होती, वेळही तीच होती. बदलला होता फक्त गाडीचा पत्ता. काकांनी गाडी आणि फलाट ही एकच गोष्ट समजली, तिथंच सगळं चुकलं.

हसू नका बरं! नेमका हाच घोळ जगातल्या भल्याभल्या महासंगणकांमधेही होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून इंजिनिअर मंडळी कोणत्या युक्त्या करतात, त्याचीच आज गोष्ट आहे. आणि ही गोष्ट आपल्या फार जवळची आहे. दिव्याहून डोंबिवली, कल्याण, कर्जत असं करत घाट चढला, की येतं पुणं. तिथं चला.

एकट्याचं नव्हे, सगळ्यांचं काम

१९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली. महासंगणक भारतातच बनवायचा, हे तिचं काम. प्रमुख होते डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेले. त्या काळी मोठे महासंगणक अमेरिकेत बनायचे आणि ते दुसऱ्या देशांना सहजासहजी मिळत नसत. मग सी-डॅकच्या मंडळींनी वेगळीच वाट धरली. एकच अतिप्रचंड संगणक बनवण्याऐवजी पुष्कळ छोट्या संगणकांना एकत्र जुंपलं. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार तोंडं! म्हणजे संगणक जितका महत्त्वाचा, तितकंच त्यांचं एकमेकांशी बोलणंही महत्त्वाचं, हे तेव्हाच ठरून गेलं.

अशा एकत्र जुंपलेल्या संगणकांच्या ताफ्याला म्हणतात ‘क्लस्टर’. आणि त्यांना जोडणारं जाळं म्हणजे ‘नेटवर्क’. सी-डॅकने ‘परमनेट’ नावाचं आपलं स्वतःचं जाळंही बनवलं. पुढे २००७ साली टाटा समूहातल्या एका कंपनीने पुण्यातच ‘एक’ नावाचा महासंगणक उभा केला. त्या नोव्हेंबरमधे जगातल्या ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत तो चौथा आला होता! त्याचे संगणक जोडले होते ‘इन्फिनिबँड’ नावाच्या अतिवेगवान जाळ्याने. सी-डॅकच्या २०१३ सालच्या ‘परम युवा-२’ मधेही इन्फिनिबँड होतं. त्या पिढीचं इन्फिनिबँड एका तारेतून सेकंदाला ५६ अब्ज बिट पाठवू शकतं.

एवढी घाई कशासाठी? सांगतो. समजा, तुमच्या वर्गाला पावसाचा अंदाज काढायचा आहे. बाईंनी महाराष्ट्राच्या नकाशावर चौकोन आखले आणि प्रत्येकाला एकेक चौकोन दिला. तुमच्याकडे ठाणे, शेजारच्या मुलीकडे रायगड. तुमच्या चौकोनात ढग येणार की नाही, ते रायगडच्या वाऱ्यावर अवलंबून. म्हणून गणिताची एक पायरी झाली, की प्रत्येकाने शेजाऱ्याला चिठ्ठी पाठवायची, शेजाऱ्याची चिठ्ठी वाचायची आणि मगच पुढची पायरी. आता एकाच मुलाची चिठ्ठी हरवली तर? त्याचा शेजारी थांबेल, मग त्याचा शेजारी, आणि बघता बघता सगळा वर्ग हातावर हात ठेवून बसेल!

महासंगणकात अशा पायऱ्या हजारोंनी असतात. एक तार तुटली, एक चिठ्ठी अडली, तर दोन-दोन दिवस चाललेलं गणित आडवं होऊ शकतं. आणि वादळ काही आपल्यासाठी थांबत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, ते तुमच्या आईबाबांना चांगलं आठवत असेल. अशा वादळाची वाट आधी कळते ती महासंगणकावरच्या गणितामुळे. लोकांना घरं सोडून सुरक्षित जागी न्यायला दोन दिवस मिळणं आणि दोन तास मिळणं, यात केवढा फरक आहे! म्हणून चिठ्ठी पोचलीच पाहिजे.

वेळणकरांची युक्ती

चिठ्ठी पोचवायची तर आधी पत्ता हवा. इथं आपले पोस्टमनदादा मदतीला येतील.

‘दिवा’ एवढंच लिहून पत्र टाकलं तर ते कुठं जाईल? आपलं दिवा जंक्शन आहेच. पण ऐरोलीलाही दिवा गाव आहे, भिवंडीकडे दिवे अंजूर आहे, रायगडात दिवेआगर आहे आणि पुण्याजवळ दिवे घाट! बिचारं पत्र गोंधळून जाणार. हा गोंधळ अख्ख्या देशात होता. त्यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेळणकर या मराठी माणसाने. ते सरकारच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतमधे कविताही करायचे. त्यांची सहा आकड्यांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. दिव्याचा पिनकोड ४००६१२. पहिला ४ सांगतो, की पत्र देशाच्या पश्चिम विभागात न्या. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस दाखवतात.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथंच आहे. पत्राच्या प्रवासात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, नाव. म्हणजे पत्र कुणाला द्यायचं. दुसरी, पत्ता. म्हणजे तो माणूस सध्या कुठं राहतो. आणि तिसरी, वाट. म्हणजे तिथपर्यंत कसं जायचं. तुमचं कुटुंब दिव्याहून कल्याणला राहायला गेलं, तर तुमचं नाव बदलतं का? नाही. पत्ता बदलतो. आणि रस्ता खणला म्हणून पोस्टमनदादा दुसऱ्या गल्लीने आले, तर तुमचा पत्ता बदलतो का? तोही नाही. बदलते फक्त वाट.

इन्फिनिबँडमधे या तीन गोष्टी अगदी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक लांबलचक क्रमांक मिळतो. ६४ बिटांचा! जन्मदाखल्यावरच्या नावासारखा हा कायमचा. मग कार्ड जाळ्यात आलं, की तिथला कारभारी त्याला एक छोटा क्रमांक देतो, १६ बिटांचा. हा घरनंबर. याला तंत्रज्ञ ‘एलआयडी’ म्हणतात आणि कारभाऱ्याला म्हणतात ‘सबनेट मॅनेजर’. हा कारभारी दर थोड्या वेळाने सगळ्या जाळ्यात फेरी मारतो. कोण नवीन आलं, कोण गेलं, कुठली तार मेली, सगळं पाहतो. प्रत्येक जंक्शनला, म्हणजे ‘स्विच’ला, तो एक तक्ता देऊन ठेवतो : अमुक घरनंबराची चिठ्ठी आली, की तमुक दाराने बाहेर काढायची. आणि कारभारीच बंद पडला तर? त्याची गादी सांभाळायला दुसरा तयार ठेवता येतो!

एका घराला चार नंबर

ठाण्याहून दिव्याला यायच्या रेल्वेच्या वाटा किती? तुम्ही म्हणाल, एक. चुकलात! एक वाट कळवा-मुंब्र्यावरून येते. दुसरी पारसिकच्या डोंगरातून. तिथला बोगदा १९१६ सालचा आहे आणि सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी फास्ट लोकल त्या बोगद्यात शिरली, की डब्यातली पोरं कशी ओरडायची! २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तेव्हा फास्ट लोकलही मुंब्र्याकडून जाऊ लागल्या आणि बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. आणि अगदीच अडलं, तर ठाण्याहून ऐरोली, तुर्भ्यावरून पनवेल आणि पनवेलहून दिवा, असा लांबचा वळसा आहेच.

महासंगणकाच्या जाळ्यातही मुद्दामच एकाहून जास्त वाटा ठेवतात. पण एक अडचण येते. तिथला स्विच चिठ्ठीवरचा फक्त घरनंबर पाहतो आणि तक्त्याप्रमाणे दार उघडतो. घरनंबर एकच, तर दारही एकच. मग दुसऱ्या वाटेने पाठवायचं कसं?

युक्ती ऐकाल तर मजा वाटेल. एकाच घराला अनेक नंबर द्यायचे! इन्फिनिबँडचा कारभारी एका दाराला दोन, चार, आठ, असे थेट १२८ पर्यंत नंबर देऊ शकतो. समजा, तुमच्या घराचे नंबर ४०, ४१, ४२ आणि ४३. चौघांवर टाकलेली पत्रं तुमच्याच हातात पडणार. पण तक्ता असा, की ४० ची पत्रं मुंब्र्यावरून यायची, ४१ ची बोगद्यातून आणि ४२ ची पनवेलच्या वळशाने. पाठवणाऱ्याने नंबर निवडला, की वाट आपोआप निवडली गेली!

याने दोन फायदे होतात. एकाच वाटेवर गर्दी होत नाही आणि एक वाट बंद पडली तरी दुसरी असते. पण फायद्याबरोबर एक डोकेदुखीही येते बरं का. तुमची पहिली चिठ्ठी स्लो लोकलने गेली आणि दुसरी फास्टने, तर दुसरी आधी पोचेल! म्हणून चिठ्ठ्या वेगवेगळ्या वाटांना वाटल्या, तर त्यांच्यावर अनुक्रमांक घालावा लागतो. पलीकडच्याने क्रमांक पाहून त्या लावून घ्यायच्या आणि एखादी दोनदा आली तर एक टाकून द्यायची.

वाट बंद पडली तर?

आता समजा, ऐन गणित चालू असताना तार निकामी झाली. चिठ्ठी पाठवली, पण पोचपावती येईना. कार्ड पुन्हा पाठवतं, परत पाठवतं. तरी शुकशुकाट. आता?

शहाणी मंडळी यासाठी आधीच तयारी करून ठेवतात. दोन संगणकांची जोडणी होतानाच दोन्ही कार्डांना सांगून ठेवलेलं असतं, की ही आपली नेहमीची वाट आणि ही राखीव वाट. नेहमीच्या वाटेवर उत्तर मिळेनासं झालं, की कार्ड स्वतःच राखीव वाट धरतं. गणित करणाऱ्या प्रोग्रॅमला थांबावंही लागत नाही. त्याला नंतर फक्त निरोप मिळतो, की ‘वाट बदलली’. या सोयीचं नाव आहे ‘ऑल्टरनेट पाथ मायग्रेशन’.

झालं, सुटला प्रश्न? थांबा! इथंच बरेच जण फसतात. राखीव वाट वापरली, म्हणजे आता राखीव काहीच उरलं नाही. दुसऱ्यांदा काही बिघडलं तर जोडणी तुटणारच. म्हणून ‘वाट बदलली’ हा निरोप आला, की प्रोग्रॅमने निवांत बसायचं नसतं. लगेच तिसरी वाट शोधायची आणि ती राखीव म्हणून कार्डाला सांगून ठेवायची. सायकल पंक्चर झाली, दुसरी ट्यूब घातली, पण पंक्चर झालेली ट्यूब काढून आणायला विसरलो, तर पुढच्या खेपेला सायकल ढकलतच घरी यावं लागणार ना? अगदी तसं.

आणि पत्ताच बदलला तर?

हा प्रकार जरा अवघड आहे. काही संगणकांना दोन नेटवर्क कार्डं असतात. एक कामावर, दुसरं बदली खेळाडू. बाहेरच्या जगाला दोघांचा मिळून एकच पत्ता माहीत असतो. पण त्याच्या आत खरं काम त्या वेळी जे कार्ड करतंय, त्याचा स्वतःचा पत्ता दडलेला असतो. शेजारच्या प्रत्येक संगणकाने आपल्या नोंदवहीत लिहून ठेवलेलं असतं, की या बाहेरच्या पत्त्यामागे अमुक कार्ड आहे.

पहिलं कार्ड बंद पडलं, दुसरं मैदानात आलं. आता सगळ्यांच्या नोंदवहीतली ओळ चुकीची झाली! म्हणून संगणक लगेच ओरडून सांगतो, ‘ऐका हो ऐका, आता मला इथं भेटा!’ ही झाली दिव्याच्या फलाटावरची घोषणा. ती ऐकून शेजारी आपापल्या नोंदी खोडून नव्या लिहितात. साधी पत्रं मग नव्या कार्डाकडे वळतात.

पण महासंगणकातली वेगवान जोडणी ही साध्या पत्रासारखी नसते. पोस्टमन येणार, दार वाजवणार, आपण उठून पत्र घेणार, इतका वेळ कुणाला आहे? तिथं एका संगणकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्मरणात, म्हणजे मेमरीत, माहिती थेट नेऊन ठेवतं. मधे प्रोसेसरला उठवतसुद्धा नाही. या पद्धतीला म्हणतात ‘आरडीएमए’. वेग सगळा यातूनच येतो. पण यासाठी जोडणी त्या एका कार्डाला घट्ट बांधलेली असते. कार्ड बदललं, तर बाहेरचा पत्ता तोच राहिला तरी ही गाठ नव्या कार्डावर आपोआप जात नाही. ती जुन्याच कार्डाला बांधलेली राहते. फलाटावरच्या त्या काकांसारखी!

म्हणून इथं यंत्रणा प्रोग्रॅमला मुद्दाम निरोप देते, ‘पत्ता बदलला आहे.’ हा निरोप मिळाल्यावर काय करायचं, त्याचा क्रम लिहून ठेवा. आधी नव्या चिठ्ठ्या सोडणं थांबवायचं. मग जुनी जोडणी व्यवस्थित मोडायची आणि नव्या कार्डावरून नवी जोडायची. नंतर वही उघडून पाहायचं, की कुठल्या क्रमांकापर्यंत पोचपावती आली होती. ज्यांची आली नव्हती, तेवढ्याच चिठ्ठ्या पुन्हा पाठवायच्या. सगळ्या पाठवल्या तर वेळ फुकट जाणार आणि एकही नाही पाठवली तर गणित चुकणार.

आणि इतकं करूनही एखादा दिवस वाईट निघतोच. म्हणून मोठे प्रोग्रॅम अधूनमधून आपलं आतापर्यंतचं सगळं गणित डिस्कवर उतरवून ठेवतात. मधेच आडवे झाले, तरी पहिल्या पायरीपासून नाही, शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू करता येतं. परीक्षेच्या अभ्यासात धडा संपला, की पानावर खूण करतो ना आपण? तीच गोष्ट.

करून पाहा

ऑफ तासाला वर्गातच हा खेळ खेळता येईल. आठ मुलं संगणक, दोघं स्विच, एक कारभारी. कारभाऱ्याने प्रत्येकाला बाकाचा नंबर द्यायचा आणि स्विच झालेल्या मुलांना तक्ता लिहून द्यायचा. मग सगळ्यांनी एकमेकांना क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या पाठवायच्या. चिठ्ठीवर फक्त बाकाचा नंबर, नाव नाही!

खेळ रंगात आला, की कारभाऱ्याने गुपचूप दोन मुलांची बाकं बदलावीत आणि कुणालाच सांगू नये. कुणाची चिठ्ठी कुणाला गेली ते मोजा. मग तोच खेळ परत खेळा, पण या वेळी बाकं बदलल्याचं मोठ्याने जाहीर करा. तिसऱ्या वेळी दोन रांगांमधली एक वाट दप्तरं ठेवून बंद करा आणि राखीव वाट आधीच ठरवून ठेवा. तिन्ही खेळांत किती चिठ्ठ्या चुकल्या, ते फळ्यावर लिहा. कारभाऱ्याचं काम किती महत्त्वाचं आहे, ते कुणी वेगळं सांगायला नको!

आणि आईबाबा, तुम्ही हे वाचत असाल तर एक काम तुमच्यासाठीही आहे. घर बदललं, की शाळेत, बँकेत, पोस्टात आपण नवा पत्ता कळवला का, याची एकदा मुलांकडूनच यादी करून घ्या. जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर पाठवायला पोस्टात अर्ज करता येतो, हेही त्यांना दाखवा. जी गोष्ट महासंगणकाला विसरून चालत नाही, ती घराला तरी कशी चालेल?

मित्रांनो, तुम्ही पुढे कुठल्या गावी जाल, किती घरं बदलाल, कुठल्या वाटेने जाल, कुणास ठाऊक! पत्ते बदलतील, वाटाही बदलतील. बदलाचं काही वाईट वाटून घ्यायचं नाही. आपलं नाव पक्कं ठेवायचं, पत्ता बदलला की वेळेवर सांगायचं आणि एक वाट नेहमी राखीव ठेवायची.

आणि हो, दिव्याच्या फलाटावर असाल तेव्हा एक कान तरी भोंग्याकडे असू द्या!